घोट्यापुढची शीर

२४ मार्च. सकाळी मी नर्सिंगच्या शाळेच्या वसतिगृहामागं टँकरचं पाणी गाळत उभी होते. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पिंपाच्या तोंडाला बांधल्या होत्या आणि मुली रांगेनं बादल्या ओतत होत्या. टँकर आला की वर्ग थांबवायचा, पाणी गाळून ठेवायचं, हात पुसायचे आणि राहिलेला धडा पुढं सुरू करायचा. त्या उन्हाळ्यात हे आमच्या वेळापत्रकातच बसलं होतं.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या कोऱ्या आणि आत बसायला खुर्च्या कमी, अशी अवस्था. दवाखान्याला जिल्ह्याचा दर्जा आला, म्हणून त्याला नर्सिंगची शाळा जोडली. शाळेला शिकवणारी बाई हवी, म्हणून मला वॉर्डातून उचलून ट्यूटर केलं. एक मोठी खोली, एक फळा, एक सांगाडा. सांगाड्याच्या पायाची बोटं मी स्वतः तारेनं बांधली होती. मुली औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, पार भोकरपर्यंतच्या. बहुतेक घरांत दहावी झालेली ही पहिलीच. मला या शाळेचा अभिमान होता आणि मी तो लपवत नसे.

पाणी गाळून होतंय तोवर आमचे मोठे सर्जन आले. त्यांना दवाखान्यात सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. शाळेची देखरेख त्यांच्याकडंच होती.

“सिस्टर, आनंदाची बातमी. शरीररचनेचा एक मोठा संदर्भग्रंथ घ्यायला मंजुरी आली. मार्च संपायच्या आत खरेदी झाली पाहिजे, नाहीतर गेली.”

“एकच?”

“एक आलाय तेच नशीब समजा. पुढचा कधी येईल सांगता येत नाही. मी कॉलेजात वाचला तोच घ्या, जाड इंग्रजी. त्याच्यात नाही असं काही नाही. डोळे झाकून घ्या.”

“निवडायचं काम माझ्याकडं आहे का तुमच्याकडं?”

“कागदावर ट्यूटरनं निवडायचं आहे.”

“मग डोळे उघडे ठेवूनच घेते.”

ते हसले. “घ्या. पण कपाटाची शोभा वाढली पाहिजे. तपासणीला माणसं येणार आहेत.”

कपाटाची शोभा हे ऐकून माझ्या हातातलं फडकं जरा जोरात पिळलं गेलं. आमच्या काचेच्या कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडं असायची. आत गेलेली वस्तू सहसा तपासणीलाच बाहेर यायची. मुलींच्या हातात होतं ते एक पातळ गाइड. त्यात आख्खा पाय दोन पानांत संपत होता. आणि वॉर्डात त्या दिवसांत काय चाललं होतं ते मला चांगलं माहीत होतं.

विहिरींच्या तळाचं पाणी लोक पीत होते. रोज बैलगाड्यांतून, जीपमधून जुलाब-उलटीचे पेशंट यायचे, अंगातलं पाणी संपून सुकलेले. त्यांना सलाईन लावायचं म्हणजे शीर सापडायला हवी. पाणी संपलेल्या माणसाची शीर वर दिसत नाही, बोटाला लागत नाही. अशा वेळी ती कुठं असते हे डोक्यात पक्कं असावं लागतं.

त्याच आठवड्यात निलंग्याकडच्या एका खेड्यातली नवी सून आणली होती. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. दोन्ही हातांत मनगटापासून वरपर्यंत घट्ट हिरवा चुडा. कोपरातली शीर बसलेली. हाताच्या मागची, मनगटाजवळची बघावी तर बांगड्या आड. भोकरकडची एक विद्यार्थिनी त्या दिवशी वॉर्डात होती. तिनं बांगड्यांना हात लावला मात्र, सासू मधे आली.

“बांगडी फोडायची न्हाई. माझं पोरगं जित्तं हाय अजून.”

“आई, दोन-चारच काढते. सुई लावायला जागा पाहिजे.”

“एक बी न्हाई. दुसरीकडं कुठं टोचायचं तिथं टोच.”

मुलगी सुई घेऊन माझ्याकडं बघत राहिली. सासूशी वाद घालत बसायला वेळ नव्हता. आमच्याकडच्या घरांत सवाशिणीची बांगडी दवाखान्यात फुटली, तर त्या सुनेला पुढं जन्मभर ऐकावं लागतं, हे मला माहीत होतं. मी सुनेच्या पायातली तोरडी पोटरीकडं सरकवली. तोरडी सरकवायला कुणाची हरकत नसते. घोट्याच्या आतल्या हाडाच्या पुढं, जरा वर, बोट ठेवलं. तिथं एक मोठी शीर असतेच असते. शीर दिसत नव्हती तरी मी त्याच जागी सुई घातली आणि रक्त आलं. सलाईन चालू झालं. सासू पायाशी बसून राहिली आणि कुणी विचारलं की सांगायची, “सुनेला पायातून पाणी पाजून राहिलेत.”

सून दोन दिवसांत उठून बसली. पण ती विद्यार्थिनी माझ्या मागं लागली.

“मॅडम, ती शीर पुस्तकात कुठं हाय?”

गाइडमध्ये बघितलं. एक ओळ होती. चित्र नव्हतं. शेजारून काय जातं, किती जपून घालायचं, काही नव्हतं. मला ते वॉर्डात एका जुन्या सिस्टरनं दाखवलं होतं आणि मी तसंच हिला दाखवलं होतं. मी रजेवर गेले तर काय? म्हणून सर जेव्हा ग्रंथाचं बोलले तेव्हा माझा प्रश्न तयारच होता. जो ग्रंथ येईल त्यात ही मुलगी एकटी, माझ्या मदतीशिवाय, घोट्यापुढची शीर शोधून काढू शकली पाहिजे. पुस्तक चुकीचं आलं तर पुढची कितीतरी वर्षं मुली अंदाजानं टोचत राहणार होत्या.

लातुरात तेव्हा डॉक्टरी पुस्तकं बघायला मिळतील असं दुकान नव्हतं. नांदेडला एक होतं. मी रजा टाकली आणि त्या विद्यार्थिनीला बरोबर घेतलं. यजमानांचं लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. त्यांना सकाळी सांगितलं तर म्हणाले, “एका पुस्तकासाठी नांदेड? गोलाईत सगळं मिळतं.”

“माणसाचं काळीज चिरून दाखवणारं मिळतं का?”

“ते घरीच रोज मिळतं,” ते म्हणाले आणि मला डबा बांधून दिला. त्यांच्यात हा गुण होता.

अहमदपूर, लोहा करत एस.टी. नांदेडला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंची शेतं नांगरून तशीच पडलेली. खिडकीपाशी बसलेल्या मुलीला मी सांगितलं होतं की आज परीक्षा आहे. ती वाटभर गाइड उघडून बसली.

“ते मिटव. परीक्षा तुझी नाही, पुस्तकांची आहे.”

“हाव मॅडम,” ती म्हणाली, पण गाइड काही मिटवलं नाही.

दुकानदार साठीचा, पान खाणारा, बोलण्यात दखनी हिंदी मिसळलेली. मी सांगितलं, शरीररचनेचे मोठे ग्रंथ काढा, सगळे. त्यानं तीन प्रकार काढून गल्ल्याशेजारी मांडले. पहिला सरांचा. इतका जाड की एका हातानं उचलेना. दुसरा तीन खंडांत. तिसरा नुसत्या मोठ्या रंगीत चित्रांचा, मजकूर अगदी नावापुरता.

“ताई, विचार कशाला करता? हा जाडा घ्या. बडे बडे डॉक्टर हाच नेतात. टेबलावर ठेवला की माणूस समोर उभा राहून सलाम करतो.”

“सलाम नको, मला शीर पाहिजे.” मी मुलीला म्हटलं, “शोध.”

तिनं जाड ग्रंथ उघडला. इंग्रजीतलं ती जुळवत जुळवत वाचायची, पण सूची बघायला मी शिकवलं होतं. शीर सापडली. शिरांच्या प्रकरणात होती. तिथं लिहिलं होतं की शेजारून एक मज्जातंतू जातो, त्याचं वर्णन मज्जातंतूंच्या प्रकरणात. ती तिकडं गेली. घोट्याचं हाड हाडांच्या प्रकरणात, पार सुरुवातीला. वरून बोट कुठं ठेवायचं ते आणखी कुठंतरी शेवटी. तिची सगळी बोटं पानांत अडकली आणि पुढचं पान उलटायला एकही उरलं नाही.

“मॅडम, समदं हाय हितं. पर एका जागी न्हाई.”

मी स्वतः चाळून बघितला. खोटं कशाला बोलू, मला तो ग्रंथ आवडला. गर्भ कसा वाढतो, एखाद्याची रचना वेगळी असली तर किती तऱ्हेनं असू शकते, सगळं त्यात होतं. सर उगाच म्हणत नव्हते. त्यांनी तो वर्षानुवर्षं वाचला होता, त्यांच्या डोक्यात ती प्रकरणं आपोआप एकमेकांना जोडली जात असतील. मलाही वर्षभर बसून वाचायला मिळाला असता तर मी घरी नेला असता.

चित्रांचा ग्रंथ उघडला. घोटा लगेच सापडला, सुरेख रंगवलेला. पण शिरेचं नाव सोडून एक शब्द नाही. मुलगी चित्राकडं बघत म्हणाली, “हे बगून टोचायचं म्हणजे गाव बगून घर शोधायचं.” दुकानदार पान थुंकून येईपर्यंत मी तो बाजूला ठेवला होता.

मग तीन खंडांचा. हा शरीराचे भाग पाडून लिहिलेला होता. हात आणि पाय एका खंडात, छाती-पोट दुसऱ्यात, डोकं-मान तिसऱ्यात. मुलीनं पहिला खंड घेतला, सूची उघडली, पान काढलं. हाड, शीर, शेजारचा मज्जातंतू, त्याला धक्का लागला तर पायाच्या आतल्या बाजूला काय होतं ते, सगळं समोरासमोरच्या पानांवर. खाली एक चित्र जिवंत पायाचं, कातडीसकट, त्यावर शीर निळ्या रेघेनं काढलेली. मुलीनं ओळ वाचली, ओठ हलवत पुन्हा वाचली. मग काय झालं ते तिच्याही लक्षात आलं नसावं. तिनं चप्पल काढली, दुकानदाराच्या स्टुलावर पाय ठेवला आणि चित्र बघत स्वतःच्या घोट्यावर बोट टेकवलं.

“हितं.”

जागा बरोबर होती. मी मान हलवली. कोणाची मदत न घेता तिनं शीर शोधून काढली होती.

“अरे अरे, बेटी! स्टुलावर पाय?” दुकानदार ओरडला. “बसायचं स्टूल आहे ते. गिऱ्हाईक बसतं.”

“पुसून देते काका. पर शीर घावली की नाई?”

“घावली ना, माझ्या दुकानात घावली,” तो माझ्याकडं वळून म्हणाला. “पण ताई, कायकू तीन-तीन घेता? तुम्हाला एक ग्रंथ सांगितला. तिकडं म्हणतील, एक सांगितला, तीन आणले.”

“संच एकच आहे. बिलावर एक संच लिहा.”

तीन खंड असणं हाच माझ्या दृष्टीनं मोठा फायदा होता. जाड ग्रंथ आणला असता तर एक मुलगी वाचणार आणि बाकीच्या तिच्या खांद्यावरून बघणार. शिवाय तो वॉर्डात नेणार कोण? यातला हातापायाचा खंड मी वॉर्डाच्या टेबलावर ठेवू शकत होते आणि तेव्हाच छाती-पोटाचा वर्गात उघडता आला असता. नव्या जिल्ह्यात खोल्या कमी, खुर्च्या कमी, निदान पुस्तक तरी तीन जागी पुरावं. मी ठरवलं आणि बांधायला सांगितलं.

परतीच्या गाडीत मुलीनं तिन्ही खंड मांडीवर घेतले. लोह्याला एक बाई शेजारी बसली, तिनं विचारलं, “कसली पुस्तकं ग एवढाली?”

“माणसाची.”

“आन् माणूस एवढा मोठा आस्तो व्हय?”

“आत बगितलं तर आस्तो,” मुलगी म्हणाली. मी खिडकीबाहेर तोंड करून हसले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर तिन्ही खंड ठेवले. त्यांनी वरचा उलटसुलट करून बघितला.

“मी सांगितलेला कुठं आहे?”

“नांदेडला. दुकानात. सुखरूप आहे.”

“सिस्टर, चेष्टा नको. हे भाग पाडलेलं पुस्तक झालं. संदर्भग्रंथ म्हणजे परिपूर्ण पाहिजे.”

“तुमचा जास्त परिपूर्ण आहे, मी बघितला. पण आमच्या मुलींच्या समोर पाय येतो, नुसती शीर येत नाही. पायात हाड, शीर, मज्जातंतू एकदमच असतात. त्यांना ते एकदमच दिसायला हवं. तुम्हाला पटत नसेल तर परत करते, मार्च संपायला अजून दिवस आहेत. पण आधी घोट्याचं पान बघा.”

त्यांनी पान काढलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग चष्मा पुसला.

“ही शीर जरा जास्तच सरळ काढलीय. प्रत्यक्षात थोडी वळते.”

“तेवढं तुम्ही सांगा मुलींना.”

ते सांगण्याआधीच वॉर्डातून निरोप आला. औशाकडची एक बाई आली होती, तशीच सुकलेली, तसाच चुडा. मी भोकरच्या मुलीला पुढं केलं आणि सरही आमच्या मागं आले. मुलीनं पहिल्यांदा हात बघितले, बांगड्या बघितल्या आणि नातेवाइकांना काही न विचारता पायाशी गेली. तोरडी वर सरकवली. घोट्याच्या हाडावर बोट, तिथून पुढं आणि वर. एक क्षण थांबली. तिचे ओठ हलत होते, ती दुकानातली ओळ म्हणत असावी. मी हात मागं बांधून उभी राहिले, नाहीतर मीच पुढं झाले असते. तिनं सुई घातली. नळीत रक्त आलं. तिनं पट्टी लावली आणि सलाईनचे थेंब मोजून वेग लावला.

बाईची नणंद म्हणाली, “पायातनं? आमच्या तिकडं न्हाई बगितलं असलं.”

“आता बगा की,” मुलगी म्हणाली. “बांगडी बी शाबूत.”

सर खाटेच्या पायथ्याशी होते. त्यांनी वाकून पट्टी बघितली, मज्जातंतू कुठल्या बाजूनं जातो ते मुलीला विचारलं. तिनं सांगितलं. बरोबर सांगितलं. सरांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, हे आता स्वतःच्याच मुलीला पास करतायत. त्या दुपारी ते आमच्या वर्गात आले. शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मधल्या बाकावर बसले, पायाचा खंड उघडला आणि शीर प्रत्यक्षात कशी वळते ते फळ्यावर काढून दाखवलं. मुलींनी इतके प्रश्न विचारले की टँकर येऊन उभा राहिला तरी कुणी उठलं नाही. शेवटी मलाच ओरडावं लागलं.

जाताना दारात ते म्हणाले, “कपाटाची शोभा मात्र गेली, सिस्टर.”

“गेली,” मी म्हटलं.

“तपासणीला काय दाखवणार?”

“मुली दाखवू.”

त्यांनी बिलावर सही केली. मला फार बरं वाटलं, हे लिहायला मला संकोच नाही. जिल्हा नवा, शाळा नवी, पाणी नाही. अशात आपण एक गोष्ट बरोबर निवडली आणि ती बरोबर निवडली हे त्याच दिवशी डोळ्यांनी बघायला मिळालं. असं नेहमी होत नाही. घरी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग आता ती पुस्तकं ठेवणार कुठं? कपाटात?”

“कपाटात ठेवली तर गेलीच. टेबलावर.”

“आणि पोरी पाणी गाळून, केरोसीनचा स्टोव्ह पेटवून तशाच हातानं पानं उलटणार.”

हे मात्र मी धरलं नव्हतं. खरं होतं. वसतिगृहात हात धुवायला पाणी मोजून मिळायचं. तांब्यानं ओतलं की निम्मं वाया जायचं, म्हणून मुली नुसते ओढणीला पुसायच्या. महिनाभरात घोट्याचं पान काळं झालं असतं आणि मग ती निळी रेघ कुणाला दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी यजमानांच्या दुकानात थांबले आणि तोटीची एक छोटी स्टीलची टाकी उचलली. वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर ती ठेवली, खाली घमेलं लावलं. माझ्या वाट्याचं घरचं गाळलेलं पाणी कळशीनं त्यात ओतलं. तोटी उघडली की अगदी बारीक धार यावी अशी करून ठेवली. मग आत जाऊन तिन्ही खंडांना खाकी कागदाची कव्हरं घातली, हातापायाचा खंड वॉर्डाकडं नेण्यासाठी वेगळा काढला आणि पहिली मुलगी आली तेव्हा तिला दारातच अडवलं.

“आधी हात.”

तिनं तोटी सोडली, हात धुतले, हवेत झटकून वाळवले आणि आत जाऊन छातीचा खंड उघडला. घमेल्यात साचलेलं पाणी मी अंगणातल्या लिंबाला घातलं.